ड्रॅगन दोन राउंडमध्ये मेला, कारण त्या दिवशी दुसरं काही घडलंच नव्हतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात पाच जणांचा ग्रुप दर रविवारी तीन-साडेतीन तास डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ खेळतो, पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनी. कॅम्पेन (दर वेळी पुढे सरकणारी कथा) घोडबंदरच्या खाडीवरून सुचलेल्या एका काल्पनिक बंदरात चालतं. फायटर (लढवय्या), पॅलडिन (धर्मयोद्धा), रोग (चोरटा), विझर्ड (जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी), सगळे लेव्हल ११. डीएमने (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) पुस्तकातला तक्ता बघून ‘डेडली’, म्हणजे सर्वात भारी पायरीचा ठरणारा अडल्ट रेड ड्रॅगन आणला आणि दुसरा राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) संपायच्या आत तो आडवा झाला. आता त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसतो) दुप्पट करावेत, एसी (त्याला वार लागायला गाठायचा आकडा) वाढवावा की फ्लायवर (उडवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) बंदी घालावी?

तिन्ही नको. आधी झालं काय ते आकड्यांत बघू.

या ड्रॅगनचा एसी १९ आणि हिट पॉइंट २५६. लेव्हल ११ ला प्रोफिशियन्सी (सरावाची भर) +४, मुख्य गुणाचे +५ आणि +१ चं हत्यार धरलं तर वाराच्या वीस बाजूंच्या फाशाला +१०, म्हणजे ६० टक्के वार लागणार. फायटरची मोठी तलवार दर वारी सरासरी १३ काढते. वार तीन, आणि पहिल्या राउंडला ॲक्शन सर्ज (जादा कृती) वापरून सहा. म्हणजे आधी ४७, मग २३. पॅलडिन दोन्ही वारांवर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्रशक्तीचा साठा, वापरला की संपतो) स्माइटसाठी (वाराला जादा मार) जाळतो : ३४ आणि पुन्हा ३४. रोग प्रत्येक राउंडला १९. विझर्डने फक्त मॅजिक मिसाइल टाकलं, आधी सहाव्या आणि मग पाचव्या लेव्हलच्या स्लॉटने, तरी २८ आणि २४, तेही न चुकता. क्लेरिकचे ढोबळ १५-१५. बेरीज २५८. म्हणजे कुणाचा फासा नशिबाने चालला नाही की कुणी चलाखीही केली नाही. सरासरीनेच ड्रॅगन दोन राउंडमध्ये मरतो.

मग तक्ता खोटा का? खोटा नाही, अर्धाच वाचला गेला. लेव्हल ११ ला एका कॅरॅक्टरमागे डेडलीची रेषा ३,६०० एक्सपी (शत्रू किती भारी त्याचे गुण), म्हणजे पाच जणांना १८,००० आणि या ड्रॅगनचा एक्सपीही बरोबर १८,००० आहे. पण त्याच पुस्तकात पूर्ण दिवसाचा हिशेबही दिलाय. लेव्हल ११ च्या एका कॅरॅक्टरला दिवसाला १०,५०० एक्सपी झेपतात, म्हणजे पाच जणांना ५२,५००. एकटा ड्रॅगन या दिवसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा. विझर्डकडे लेव्हल ५ ला ९ स्लॉट असतात, लेव्हल ११ ला १६. सोळा स्लॉट, ॲक्शन सर्ज, सगळे स्माइट हे सगळं एकाच लढाईत ओतायला मिळालं तर समोर कोणीही टिकत नाही. महिनाभराचा पगार एका संध्याकाळी उधळायचा ठरवला तर कुठलंही हॉटेल महाग वाटत नाही, तसंच.

हिट पॉइंट ५१२ केले तर लढाई दोनाऐवजी चार-पाच राउंड चालेल. या लेव्हलला पाच जणांचा एक राउंड सहज पंधरा-वीस मिनिटं खातो. रविवारचा अर्धा वेळ त्यात जाईल आणि तिसऱ्या राउंडनंतर सगळे तेच ते वार करत बसतील. एसी वाढवला तर शिक्षा फायटरला आणि रोगला होते. विझर्डच्या मॅजिक मिसाइलला एसीचं काही घेणंदेणं नाही. सेव्हचा (स्पेल किंवा आगीतून वाचायचा फासा) डीसी (त्यावर गाठायचा आकडा) वाढवणं तर आणखी वाईट. ड्रॅगनच्या आगीतून वाचायच्या डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्हचा डीसी आत्ताच २१ आहे. जड चिलखतातल्या पॅलडिनची डेक्स्टेरिटी सेव्हची भर शून्य असली तर त्याला वीस पडूनही वाचता येत नाही. त्याचा ऑरा (सेव्हला भर घालणारं वलय) मध्ये येतो म्हणून निभावतं, एवढंच. चांगल्या आणि वाईट सेव्हमधली दरी लेव्हलबरोबर वाढत जाते. डीसी वाढवलात की ज्याचा सेव्ह आधीच वाईट, तोच बिचारा अर्धा तास बधिर होऊन मोबाइल बघत बसतो.

म्हणून वाढवायचा तो दिवस. ड्रॅगन आहे तसा राहू द्या. पण खेळातला दिवस आणि तुमचा रविवार ही एकच गोष्ट नाही, हे आधी टेबलावर स्पष्ट बोलून घ्या. खेळातला एक दिवस तीन रविवार चालू शकतो. सेशन संपलं म्हणजे लाँग रेस्ट (स्लॉट वगैरे परत भरणारी मोठी झोप) मिळाली, अशी सवय बहुतेक ग्रुपना आपोआप लागते आणि सगळं गणित तिथेच ढासळतं. निघताना प्रत्येकाने शीटचा फोटो ग्रुपवर टाकायचा, त्यात उरलेले स्लॉट आणि हिट पॉइंट दिसले पाहिजेत. पुढच्या वेळी तिथूनच सुरू.

आता लाँग रेस्ट अडवायची कशी? ‘इथे झोपता येणार नाही’ असं डीएमने म्हटलं की प्लेअर चिडतात आणि त्यांचं बरोबरच असतं. शिवाय विझर्डकडे टायनी हट (आत सुरक्षित झोपता येणारी जादूची झोपडी) असते. ती फोडत बसू नका, ती त्याने कमावलेली आहे. तुमच्याकडे खाडी आहे, तिला कामाला लावा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. शॉर्ट रेस्टला एक तास लागतो, लाँग रेस्टला आठ. शत्रूच्या कोटातून ओलीस घेऊन निघणारी तीन गलबतं अमावास्येच्या उधाणाला, पाणी पूर्ण चढल्यावरच बाहेर पडू शकतात एवढं ठरवलं की झालं. कागदावर सहा चौकोन काढा आणि सगळ्यांना दिसतील असे ठेवा. शॉर्ट रेस्ट घेतली की एक चौकोन काळा. वाट चुकून लांबचा वळसा पडला, एक चौकोन. कैद्याला नीट बोलतं केलं, अर्धा. हटमध्ये झोपायला कुणाची मनाई नाही, पण उठाल तेव्हा गलबतं समुद्रात असतील. हे लपवू नका. चौकोन डोळ्यासमोर असले की प्लेअर आपसातच भांडतात, ‘अजून एक रेस्ट घ्यायची का?’ आणि तुम्हाला हवं असलेलं आव्हान तेच आहे.

या सहा तासांत काय भरायचं त्याचा एक नमुना देतो, आकडे तपासून. पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण लढाया सांगितल्यात, पण रविवारच्या ग्रुपला त्या झेपत नाहीत. चार भारी लढायांनी तोच खर्च निघतो.

पहिली तिवरांच्या चिखलात, सहा व्हेटरन (मुरलेले सैनिक). प्रत्येकी ७०० एक्सपी, म्हणजे ४,२००. तीन ते सहा शत्रूंना दुपटीचा गुणक लागतो, ८,४०० झाले. त्यांना एका घोळक्यात उभं केलंत तर तुमचीच चूक. फायरबॉलची त्रिज्या २० फूट आहे. दोन-दोनच्या जोड्या ५० फुटांवर ठेवा, चिखलात प्रत्येक फुटाला दोन फुटांची चाल मोजा, मुळांआड उभ्या असलेल्याला एसीवर +२. व्हेटरनचे हिट पॉइंट ५८ आणि फायरबॉलचे सरासरी २८, म्हणजे एकाने काम होणार नाही. दुसरा टाकावा का हा विचार विझर्डला करू द्या.

दुसरी बांधाच्या उघाडीवर (पाणी अडवणारं दार). दोन मेज (शत्रूचे जादूगार), दोन व्हेटरन : ६,०००, गुणकासकट १२,०००. मेजकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा) आहे आणि त्याचा पल्ला ६० फूट. शहाणा विझर्ड ७० फुटांवरून स्पेल टाकेल. टाकू द्या, मात्र उघाडीजवळ जागाच अशी आखा की ७० फुटांवर उभं राहायचं तर बांधावर उघड्यावर यावं लागेल. प्रत्येक स्पेलला काउंटरस्पेल मारत बसू नका. एका मेजकडे तिसऱ्या लेव्हलचे तीनच स्लॉट असतात, तेही फायरबॉल आणि फ्लायशी वाटून घ्यावे लागतात.

तिसरी आतल्या अंगणात : एक फायर जायंट, दोन हेल हाउंड. ६,४००, दुप्पट १२,८००. ही लढाई टाळताही आली पाहिजे. रोग गुपचूप चावी काढून आणू शकला तर तो खर्च वाचला, आणि एक्सपी पूर्ण द्या.

चौथा ड्रॅगन. एकूण ५१,२००. आता ड्रॅगनसमोर उभे राहणाऱ्यांकडे ॲक्शन सर्ज असेल की नसेल, सहाव्या लेव्हलचा स्लॉट गेला असेल, पॅलडिनकडे दोन-तीन स्माइट उरले असतील. तोच ड्रॅगन, तेच २५६, पण लढाई चार-पाच राउंडची आणि प्रत्येक राउंड वेगळा.

ड्रॅगन खेळवायचा कसा, हेही सांगायला हवं, कारण दोन राउंडमध्ये मेलेला प्रत्येक ड्रॅगन जमिनीवर उभा असतो. याची उडायची चाल ८० फूट आहे, चालायची ४०. त्याने पहिल्या राउंडला खाली उतरायचं कारणच काय? वरून येतो, ६० फुटांच्या शंकूत आग ओकतो (सरासरी ६३) आणि निघून जातो. मग विझर्ड फायटरला फ्लाय देतो, आणि इथे खरी मजा सुरू होते. फ्लाय हा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल आहे, म्हणजे मार बसून विझर्डचं लक्ष मोडलं की तो संपतो. पुढची आग विझर्डवर आली आणि सेव्ह चुकला तर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला डीसी ३१ लागतो, म्हणजे गेलंच. सेव्ह जमला तरी अर्ध्या ३१ च्या मारावर डीसी १५. तो तुटला की फायटर ६० फुटांवरून खाली : ६डी६ (सहा बाजूंचे सहा फासे), सरासरी २१, आणि चिखलात पालथा. फ्लायवर बंदी घातली असती तर हे काहीच घडलं नसतं. आता विझर्डला लपायचंय, क्लेरिकला ठरवायचंय की त्याला झाकू की फायटरला उठवू, आणि रोग तिवरांत एकटा आहे.

ड्रॅगनच्या दिवसाकाठच्या तीन लिजेंडरी रेझिस्टन्सबद्दल (चुकलेला सेव्ह जमला असं ठरवायची मुभा) मात्र तक्रार योग्य आहे. विझर्डने सर्वात भारी स्पेल टाकायचा आणि डीएमने शांतपणे म्हणायचं, ‘वाचला’. हे तीनदा झालं की माणूस पुढच्या वेळी धनुष्य घेऊन येतो. याला एक साधा उपाय आहे : प्रत्येक वेळी रेझिस्टन्स वापरताना ड्रॅगनचं काहीतरी दिसण्यासारखं जाऊ द्या. पहिल्यांदा एका पंखाचा पडदा फाटतो, उडायची चाल ८० ची ५०. दुसऱ्यांदा गळ्यातले खवले उडतात, पुढच्या फेरीत आग परत भरत नाही. तिसऱ्यांदा एक डोळा जातो. एक पैशाचं डॅमेज झालं नाही तरी विझर्डला आपण लढाई पुढे ढकलली हे कळतं.

पाण्याचंही. दुसऱ्या लढाईत उघाडी फोडली गेली असेल तर इनिशिएटिव्ह (राउंडमधला पाळीचा क्रम) २० ला दर राउंड पाणी चढू द्या. पहिला राउंड घोटाभर, तिसऱ्याला कंबरभर, पाचव्याला उभं राहता येत नाही. उघाडी शाबूत राखली असेल तर यातलं काही नाही. दोन तासांपूर्वीच्या निर्णयाचा परिणाम शेवटच्या लढाईत दिसला की प्लेअरना आपली ताकद खरी वाटते.

आणि ड्रॅगन मरेपर्यंत लढेल असं गृहीत धरू नका. ८० हिट पॉइंट उरले की तो निघून जाईल. कशासाठी मरेल तो? तीनपैकी दोन गलबतं वाचली तर तो नफ्यातच आहे.

लढाईबाहेरच्या आव्हानांचं गणित आणखी सरळ आहे आणि तिथे डीएम जास्त चुकतात. लेव्हल ११ च्या रोगला रिलायबल टॅलेंट मिळतं : दहाच्या खाली पडलं तरी दहा धरायचे. कुलुपांत एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) असेल तर +१३, म्हणजे कमीत कमी २३. डीसी २० चं कुलूप तो चुकूच शकत नाही. मग काही जण सगळी कुलुपं डीसी २५ ची करतात. नका करू. गावच्या कोठाराचं कुलूप लेव्हल १ ला १५ होतं तर आजही १५ च राहिलं पाहिजे, नाहीतर मोठं झाल्याचा आनंद कुठे राहिला? फासे टाकायलाच सांगू नका. कुलूप उघडलं. प्रश्न एवढाच की आवाज न करता उघडायला दहा मिनिटं लागतील, की गस्त वळायच्या आत धाडकन उघडायचं.

शोधकथेचंही तेच. स्पीक विथ डेड प्रेताला पाच प्रश्न विचारू देतो, झोन ऑफ ट्रूथमध्ये सेव्ह चुकलेल्याला खोटं बोलता येत नाही, लेव्हल ९ पासून स्क्राइंग (दूरच्या माणसावर नजर ठेवणं) आहे. ‘खुनी कोण’ हे कोडं पाच मिनिटांत सुटणार, सुटू द्या. समजा, खुनी कोतवालाचा मुलगा आहे, हे सगळ्यांना कळलं. आता प्रेताची साक्ष पंचायत मानत नाही आणि कोतवालाकडे कोटाच्या किल्ल्या आहेत. चार रविवार यात जातील.

मृत्यूचा धाक लेव्हल ९ ला जवळजवळ संपतो, कारण मेलेल्याला उठवणारा रेझ डेड येतो. पण त्याला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि नुकत्याच मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला ३०० चे. हिरे बाजारात मोजून ठेवा. या बंदरात एकच सराफ, त्याच्याकडे दोनच हिरे, आणि शत्रूलाही त्याच कामासाठी ते हवेत. एकही नियम न बदलता धाक परत येतो.

शत्रूच्या हुशारीला एक लगाम हवा. शत्रूला ग्रुपबद्दल तेवढंच माहीत, जेवढं जिवंत सुटलेल्या एखाद्या साक्षीदाराने पाहिलंय. पळालेल्या व्हेटरनने विझर्डचा फायरबॉल पाहिला असेल तर पुढचे शत्रू पांगून उभे राहतील. कुणीच पळालं नसेल तर नाही. हा नियम पाळलात की प्लेअर पळणाऱ्याला गाठण्यासाठी धडपडतात आणि तुमच्यावर ‘डीएमला सगळं माहीत असतं’ असा आरोप येत नाही.

रविवारचा मेगाब्लॉक धरूनच लढाया लिहा. पाचाऐवजी तिघे येणार हे सकाळी अकराला कळतं. शत्रू पाच तुकड्यांत मांडा, प्रत्येक तुकडी एका प्लेअरच्या नावाची. रोग आला नाही तर चिखलातली मागची जोडी नाही. क्लेरिक नाही तर एक हेल हाउंड कमी. ड्रॅगनचं मात्र असं होत नाही, त्याला तुकड्या नाहीत. तिघेच असतील त्या दिवशी ड्रॅगन ठेवू नका, ती लढाई पुढे ढकला. मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) नसतील तर कॅरमच्या सोंगट्या उत्तम : नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी अर्थातच ड्रॅगन. फक्त चार्ट पेपरवर एका इंचाचे चौकोन आखू नका, सोंगट्या त्यात मावत नाहीत. साडेतीन सेंटिमीटरचे आखा.

२०२४ च्या पुस्तकावर जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे शत्रूंच्या संख्येचा गुणक काढून टाकलाय आणि पायऱ्या लो, मॉडरेट, हाय अशा तीन आहेत. वरचे आकडे तसेच उचलू नका. दिवस लांबवायचं तत्त्व मात्र तिथेही चालतं.

आणि ही भरतीची युक्ती लेव्हल १२ पर्यंतच वापरा. १३ ला विझर्डला टेलिपोर्ट मिळतो. मग तो थेट गलबताच्या डेकवर उतरेल आणि तुमचे सहा चौकोन तसेच पांढरे राहतील. तेव्हा एकाऐवजी दोन कोट लिहा, दोन्हीकडे उधाण एकाच वेळी. टेलिपोर्टसाठी लागणारा सातव्या लेव्हलचा स्लॉट लेव्हल १३ ला दिवसात एकच असतो.